‘तू नुसता मागे वाजव’

काका, नमस्कार.
मी 25 वर्षांचा. दिवसा सोलापुरात अक्कलकोट रोडला गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला असतो आणि गेली चार वर्षं सहाजणांच्या एका ग्रुपमध्ये ड्रम वाजवतो. हळदी, लग्नं, वाढदिवस, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम. त्याआधी आमच्या मंडळाच्या लेझीमला हलगी वाजवायचो. ग्रुपचा मालक स्वतः कीबोर्डवर असतो. तो सारखा म्हणतो, ‘तू नुसता मागे वाजव, डोकं लावू नको.’ निवेदक सगळ्यांची नावं घेतो, माझंच विसरतो. मागच्या महिन्यात एका हळदीत शेवटचं गाणं पळालं, गायिकेचा दम तुटला आणि ती सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली. पब्लिक नाचत होतं म्हणून मी जोर दिला, एवढंच. माझं पेडल चरचरतं, तेही म्हणे माइकमधून ऐकू येतं! सुपारी 18,000ची होती. मला 1,500 मिळाले, त्यातले 700 ड्रमसेटच्या टेम्पोला गेले. आता मालक म्हणतो, कीबोर्डात तयार ऱ्हिदम असतोच, नाहीतर ट्रॅकवर (आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर) गाऊ, ड्रमर हवाय कशाला? गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत एक मोठा कार्यक्रम आहे. त्यात पाच मिनिटांचा सोलो मागून एकदाच दाखवून द्यावं, का ग्रुपच सोडावा?
– एक ड्रमर, पूर्व भाग

अरे बाबा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या बाजूने चिडलो. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडलो: ‘पब्लिक नाचत होतं म्हणून मी जोर दिला, एवढंच.’ तिथे येतोच. आधी पैशाचं बोलू, कारण त्यात तू पूर्ण बरोबर आहेस आणि त्याला फार शाई लागणार नाही.

टेम्पोचं भाडं सुपारीच्या एकूण रकमेतून आधी वजा व्हायला हवं, वाटे त्यानंतर. गायिका पर्स घेऊन येते, कीबोर्ड पिशवीत मावतो, तुझे मात्र सात-आठ नग. ते काही तू हौसेखातर फिरवत नाहीस. फुटलेलं कातडंही (नावालाच कातडं, असतं प्लॅस्टिकचं) ग्रुपच्या खर्चात धरायला सांग. काड्या मात्र तुझ्या तू घे, तेवढ्यासाठी वाद नको. आणि गायिकेला जास्त मिळतात म्हणून कुरकुर करू नकोस, लोक सुपारी देतात ती तिचं गाणं ऐकून. हे सगळं कार्यक्रमाच्या रात्री स्टेजमागे बोलू नकोस. मधल्या एखाद्या वारी मालकाला चहाला ने आणि गेल्या सहा कार्यक्रमांचं भाडं कागदावर लिहून पुढे ठेव. आकडा समोर असला की माणूस आवाज चढवत नाही.

आता तुझ्या मानाचं. ‘नुसता मागे वाजव’ म्हणणाऱ्याला तू काय करतोस हे माहीत नाही. पण तुला तरी नीट माहीत आहे का?

वरातीपुढचा बँड आठव. मोठा ढोल एकाच्या गळ्यात, साइड ड्रम दुसऱ्याच्या, झांजा तिसऱ्याच्या हातात. ड्रमसेट म्हणजे हे तिघं एका स्टुलावर बसवलेले. हे शक्य झालं ते पायाच्या पेडलमुळे. अमेरिकेत लुडविग नावाच्या ड्रमरने 1909च्या सुमारास झटपट चालणारं पेडल बाजारात आणलं आणि मोठा ढोल वाजवणाऱ्याचं काम पायाकडे आलं. तेव्हा तू तिघांच्या पोटावर पाय देऊन बसला आहेस, गड्या. तिघांची जबाबदारीही आली. बँडमधला ढोलवाला चुकला तर साइड ड्रमवाला सांभाळून घेतो. तुला सांभाळणारा मागे कुणी नाही.

पण माझ्या मते खरी गोष्ट तुझ्या हलगीत आहे. लेझीमच्या ताफ्यात पन्नास पोरं असतात. डाव कधी बदलायचा, बसून खेळायचं कधी, उठायचं कधी, हे हलगीवाला ठरवतो. तिथे तुला कुणी म्हणालं का, ‘नुसता वाजव’ म्हणून? नाही म्हणालं. कारण तुझी नजर पोरांच्या पावलांवर असायची. कडेचा बारका पोरगा मागे पडला की तू ठेका अर्ध्या दमाने घ्यायचास आणि तो रांगेत आला की परत सोडायचास. हे तू ठरवून करत नसशील, हलगी वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला ते येतंच. मग ड्रमसेटवर बसल्यावर तुझी नजर कुठे गेली? पब्लिककडे. तुझ्या पत्रात पब्लिक नाचतंय हे आहे, पण त्या वेळी गायिका काय करत होती, याचा एक शब्द नाही.

ड्रमर मागे बसतो तो त्याला लपवायला नव्हे. स्टेजवर सगळ्यांच्या पाठी दिसतील अशी ती एकच जागा असते. गायिका ओळ उचलण्याआधी श्वास घेते तेव्हा खांदे वर जातात, ते फक्त तुला दिसतं. कीबोर्डवाल्याला दिसत नाही, तो बटणांत असतो. कडवं संपवून तिला थांबायचं असलं तर तिची मान किंचित मागे वळते. ती तुझ्यासाठी वळलेली असते. पुढच्या कार्यक्रमात स्टूल हातभर सरकव, पण तिचे खांदे झांजेआड जाऊ देऊ नकोस.

लय पळाल्याचं म्हणशील, तर तो रोग मलाही होता. 1990च्या दशकात मी इथल्याच एका ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदमला बसायचो, ढोलक, बोंगो, खंजिरी. आमचा ड्रमर पूर्व भागातला, मागावर पाळी करून थेट कार्यक्रमाला यायचा, केसात सुताचे तंतू तसेच. एका लग्नात मला लहर आली आणि मी शेवटच्या अंतऱ्यात लग्ग्यांवर लग्ग्या (जलद बोल) हाणल्या. टाळ्या पडल्या, मी खूश. सामान बांधताना तो शांतपणे म्हणाला, ‘मागाचा पट्टा घसरला की आम्हाला शेजारच्या खोलीत कळतंय, आवाजावरून. तुझा घसरायलाय बे.’ मी भांडलो त्याच्याशी. दुसऱ्या दिवशी कॅसेट ऐकली आणि दोन दिवस त्याला तोंड दाखवलं नाही.

तुझ्याकडे तर मोबाइल आहे. पुढच्या सरावाला तो समोर खुर्चीवर ठेव, ड्रमजवळ नको. घरी येऊन एकच गाणं काढ, केरव्याचं, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्याचं. मुखड्याची 8 आवर्तनं घड्याळ लावून मोज, शेवटच्या अंतऱ्याची 8 मोज. 8 आठे 64 मात्रा झाल्या. सुरुवातीला त्यांना 32 सेकंद लागले असतील तर मिनिटाला 120ची लय होती. शेवटी 29 लागले तर ती 132 झाली. गाणं दहा टक्क्यांनी पळालं! तुझ्या हाताला दहा टक्के काहीच नाहीत, पण तिला तेवढेच शब्द तेवढ्याच फुफ्फुसात बसवायचे असतात. दम तिचा तुटला, पण तो तोडला तुझ्या हाताने. हे घड्याळ सांगेल, मी नको सांगायला.

बहुतेकांची लय पळते ती ठेक्यात नाही, रोलमध्ये (ओळींच्या मधल्या भरणीत) पळते. रोल घेताना हात आधीच समेकडे (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे) धावतो, सम पाव मात्रा लवकर येते, पुढचं सगळं त्या नव्या समेवर बसतं. असे सहा रोल घेतले की झालं. म्हणून मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) 60वर लाव, सेकंदाला एक ठोका, आणि त्यात रोल घे. जलद लयीत चूक झाकली जाते, एवढ्या सावकाश लयीत ती उघडी पडते. दुसरा एक प्रकार मला फार उपयोगी पडला: दोन आवर्तनं वाजवायची, दोन आवर्तनं हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, मनात मोजायचं, आणि समेवर यायचं. पहिले आठ दिवस रडू येईल.

आता ज्याच्यावर तुझा सगळ्यात जास्त राग आहे त्या मालकाकडे वळू. तुमच्या सहाजणांत बास गिटार आहे का, हे तू लिहिलं नाहीस. बहुधा नसावी. म्हणजे बास वाजतो तो कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात. तर ऐक, त्याच्या डाव्या हाताशी तुझ्या उजव्या पायाचं लग्न लागलेलं आहे, पटो न पटो. किक (पायाचा मोठा ढोल) आणि बास एका क्षणी पडले की पत्र्याच्या मंडपातसुद्धा गाणं भरीव वाटतं. दोन्ही फुटून पडले की कितीही आवाज वाढवा, पोकळच. तुला त्याचा डावा हात नीट ऐकू यायला हवा. त्याचा स्पीकर तुझ्यापासून 10 मीटर लांब असला तर सूर तुझ्यापर्यंत जवळपास 0.03 सेकंद उशिरा येतो आणि तू त्याच्या मागे फरफटत राहतोस. स्टुलाजवळ एक लहान मॉनिटर (वादकाने ऐकायचा स्पीकर) मागून घे. आणि त्याला म्हण, ‘दादा, आठवड्यातून एक तास आपण दोघंच बसू, गायिका नको, बाकी कुणी नको.’ चार वर्षांत हे तू एकदाही म्हटलं नसशील, पैज लावतो. तोही म्हणाला नसेल म्हणा.

आवाज कमी ठेवणं हाही तुझ्याच कामाचा भाग. मंगल कार्यालयात छत बोडकं, भिंती गुळगुळीत, सगळं घुमतं. किकच्या पोटात कापड कोंबायचं, हे जगभर ड्रमर करतात, कुणी उशी घालतं, कुणी जुनं पांघरूण. आपल्याला काय, सोलापुरात चादरीला तोटा नाही. एक जुनी जाड चादर घडी करून पुढच्या पडद्याला टेकव. ‘ठण्ण’ जाऊन ‘धप्प’ येईल.

‘कीबोर्डात ऱ्हिदम असतोच’ या म्हणण्यावर मात्र तुला खोटा दिलासा देणार नाही. छोट्या हळदी, वाढदिवस हळूहळू ट्रॅकवर जाणारच, खर्च वाचतो. यंत्राची लय पळत नाही हेही खरं. पण ते थांबतही नाही. नवरीला गेटपाशी उशीर झाला, मामांनी मधेच माइक हिसकावला, गायिका अंतरा विसरून परत मुखड्यावर आली, यंत्र आपलं पुढे चाललंय.

आणि एक गोष्ट सांगतो. गणपतीचे दिवस, कन्ना चौकाच्या बाजूला एका मंडळाचा कार्यक्रम. ऐन गाण्यात वीज गेली. कीबोर्ड मेला, गिटार मेली, माइक मेला, अंधार. मी ढोलक सोडून हात वर केले. आमचा तो मागावरचा ड्रमर थांबलाच नाही. फक्त त्याने किक बंद केली, डाव्या हाताने काडी स्नेअरच्या (साइड ड्रमच्या) कडेवर आडवी धरून टक् टक् सुरू ठेवली आणि उजवा हात हाय-हॅटवर (जोडझांजेवर) अगदी हलका, जणू पीठ चाळतोय. एवढ्या हळू, की गायकाचा उघडा आवाज पहिल्या सहा-सात रांगांत पोचावा. गायकाने ओळ सोडली नाही. मागच्यांना गाणं ऐकू येईना, पण ठेका कळत होता, त्यांनी टाळ्या धरल्या. जनरेटर सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागली असतील. दिवे आले तेव्हा गाणं लयीत होतं आणि मीच तेवढा मांडीवर हात ठेवून बसलेलो. त्या रात्री निवेदकाने त्याचं नाव घेतलं का, मला आठवत नाही. गायक मात्र पुढे बाहेरगावच्या सुपाऱ्यांना आधी विचारायचा, ‘तो येणाराय ना?’

ट्रॅकला शत्रू करू नकोस, ताब्यात घे. मोठ्या ग्रुपमध्ये बऱ्याचदा ड्रमरच्याच कानात क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) असते आणि ट्रॅक सुरू करायचं बटणही त्याच्याच हाताशी असतं, कारण इशारा देणारा तोच. तू एका कानात इअरफोन घालून क्लिकवर वाजवायला शीक आणि ‘ट्रॅक मी सांभाळतो’ म्हणून सांग. सात-आठ आठवड्यांचं काम आहे. बटण तुझ्याकडे आलं की ड्रमर कशाला हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचत नाही.

सोडून जायचं मनात येतं, त्यावर एक किस्सा. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार 1968च्या ऑगस्टमध्ये रेकॉर्डिंग अर्धं टाकून निघून गेला होता. त्याला वाटत होतं, आपण चांगलं वाजवत नाही आणि बाकीच्या तिघांचं मेतकूट आहे, आपण बाहेरचे. हे सांगायला तो जॉन लेननकडे गेला. लेनन म्हणाला, मला तर वाटत होतं तुम्हा तिघांचं मेतकूट आहे! मग पॉल मॅकार्टनीकडे गेला, तिथेही तेच उत्तर. रिंगोने नंतर स्वतःच हे सांगितलंय. चौथ्याकडे जायच्या भानगडीत तो पडला नाही, कुटुंबाला घेऊन सुट्टीवर गेला. इकडे त्यांचं अडलं का? नाही. मॅकार्टनी स्वतः ड्रमवर बसला आणि दोन गाणी झाली. हे तू नीट वाच, कारण ‘मी गेल्यावर कळेल यांना’ असं तुझ्या मनात असणार. पण त्यांनी तार पाठवून त्याला बोलावलं आणि तो परतला तेव्हा जॉर्ज हॅरिसनने त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवून ठेवलेला होता.

सोलापुरात कुणी तुझा सेट झेंडूने सजवेल अशी आशा धरू नकोस. पण एकेकट्याशी बोल. गायिकेपासून सुरुवात कर, आणि तिच्याशी बोलताना पहिलं वाक्य ‘त्या दिवशी लय माझ्याकडून पळाली’ हे असू दे. ती सगळ्यांसमोर ओरडली ही तिची चूक, तेही सांग, पण नंतर. निवेदकाला नावाची चिठ्ठी आधी हातात दे, तो बिचारा खरंच विसरत असेल. मागच्याचं नाव विसरणं हा निवेदकांचा जुना धर्म आहे.

सोलो मागू नकोस. निदान गड्ड्याच्या कार्यक्रमात नको. दाखवून द्यायला घेतलेला सोलो दुसऱ्या मिनिटाला लोकांना कळतो आणि ते शेंगा खायला उठतात. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचं एकट्याचं तबलावादन ऐकायला जाणकार जीव टाकायचे, पण तेच थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथीला बसत. ज्याला पाच मिनिटांचा सोलो येतो त्याने पाच मिनिटं साधा ठेका धरला तर ऐकणाऱ्याला तो फरक न सांगता कळतो. तुला काही घ्यायचंच असेल तर दोन गाण्यांच्या मधली आठ आवर्तनं माग. हलगी घेऊन उभा राहा, ड्रमवर नको. तुझ्याकडे हलगी आहे आणि तू ती कोपऱ्यात टाकून ठेवलीयस, याचं मला राहून राहून नवल वाटतं. थंडीचे दिवस असतील, आधी शेकून घे म्हणजे कडकडीत वाजेल.

आणि ग्रुप? गड्ड्यापर्यंत थांब. भाड्याचा कागद ठेवलास, लय घड्याळात बसवलीस, दोघांचा तास मागितलास आणि तरी मालक ‘नुसता मागे वाजव’वरच असला, तर खुशाल सोड. मात्र महिनाभर आधी सांगून, घेतलेल्या तारखा वाजवून. लग्नाच्या आदल्या दिवशी फोन बंद करणाऱ्या वादकाची बातमी सोलापुरात सात रस्त्यापासून बाळ्यापर्यंत एका दिवसात पोचते आणि मग ती वर्षानुवर्षं पुसली जात नाही.

दोन किरकोळ गोष्टी. कानात बोळे घालत जा. कापसाचे नव्हेत, औषधाच्या दुकानात फोमचे मिळतात ते. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमवर बसणारा तेवढा आवाज सहज काढतो. माझा डावा कान आता फोन उचलायच्या कामाचा राहिलेला नाही.

दुसरं, ते पेडल. आवाज बहुतेक स्प्रिंगच्या वरच्या कडीतून येत असेल, नाहीतर टाचेच्या बिजागरीतून. कारखान्यात शिवणयंत्राचं तेल असेलच. सुपरवायझरला विचारून बाटलीच्या झाकणात घेऊन ये. एकेक थेंब पुरे, जास्त घातलंस तर धूळ धरते.